द्राक्षारस चढतो का?

भंडाऱ्याच्या मुलींच्या शाळेत मला मराठी शिकवायची नोकरी लागली तेव्हा राहायला खोली मिळेना. एकटी बाई म्हटलं की लोक दार अर्धंच उघडून बोलायचे. शेवटी आमच्या मुख्याध्यापिकांनी एका ख्रिस्ती जोडप्याचं घर सुचवलं. नवरा दवाखान्यात कंपाउंडर होता, नुकताच निवृत्त झालेला. बायको घरी शिवणकाम करायची. एकुलती एक मुलगी नागपूरला नर्सिंग शिकत होती, म्हणून तिची खोली रिकामी होती.

माझे वडील आंबागडजवळच्या आमच्या गावाहून खोली बघायला आले. सगळं पाहून झाल्यावर मला अंगणात एका बाजूला घेऊन म्हणाले, "पोरी, घर तं चांगलं आहे. पण हे लोक पितात म्हणे." वडिलांनी ख्रिस्ती माणूस पाहिला होता तो तुमसरच्या टॉकीजमध्ये, पडद्यावर, आणि पडद्यावरच्या ख्रिस्ती माणसाच्या हातात बाटली असायचीच.

तेवढ्यात घरमालकीणबाई पाणी घेऊन बाहेर आल्या. वडिलांच्या हातात पेला देत म्हणाल्या, "दादा, एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. आमच्या घरात दारू, बिडी, पत्ते चालत नाही. तुमच्याकडचा पाहुणा आला तरी नाही."

वडील ओशाळले. आमच्या घरी पोळ्याला आणि होळीला मोहाची बाटली यायची. वडील एक गिलास घ्यायचे, थोडं गायचे आणि झोपून जायचे. आईसुद्धा त्यावर काही बोलत नसे. बस स्टँडवर मी त्यांना सोडायला गेले तेव्हा ते म्हणाले, "हे तं आपल्याहून सोवळे निघाले बाप्पा!" आणि निर्धास्त मनाने गाडीत बसले.

मी त्या बाईंना मावशी आणि त्यांच्या नवऱ्याला काका म्हणू लागले. मावशी मला शिक्षिका म्हणून 'बाई' म्हणायच्या आणि वयाने लहान म्हणून 'तू' म्हणायच्या. काका मात्र 'तुमी' म्हणत.

पहिल्याच महिन्यात एका शनिवारी दुपारी स्वयंपाकघरातून गोड वास आला. मावशींनी काळ्या मनुका सकाळपासून भिजत घातल्या होत्या. त्या कुस्करून, पाणी घालून त्यांनी उकळल्या, स्वच्छ फडक्यातून गाळल्या आणि तो रस धुतलेल्या बाटलीत भरून बूच लावलं.

"हे काय करून राहिल्या मावशी?"

"उद्याच्या प्रभुभोजनाचा द्राक्षारस."

त्यांनी मग मला समजावून सांगितलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांच्या चर्चमध्ये भाकरीचा तुकडा आणि द्राक्षारसाचा घोट सगळ्यांना देतात. प्रभूने मरणाच्या आधी शिष्यांबरोबर शेवटचं जेवण केलं, त्याची ती आठवण. भंडाऱ्यात ताजी द्राक्षं कुठली? म्हणून मनुका. चर्च लहान, चाळीस-पन्नास माणसांचं. तो रस करायचं काम मावशींकडे वीस वर्षांपासून होतं.

मला कुतूहल होतं म्हणून त्यांचं शास्त्र, म्हणजे मराठी बायबल, मी वाचायला मागितलं. मावशींना आनंद झाला. मी मराठीची बाई, माझं लक्ष आधी शब्दांकडे गेलं. एका लग्नाच्या गोष्टीत मांडवातला द्राक्षारस संपतो आणि प्रभू पाण्याचा द्राक्षारस करतो. मी सहज वाचून पुढे गेले. उसाचा रस, आंब्याचा रस, तसा द्राक्षांचा. पण दुसऱ्या एका ठिकाणी एक म्हातारा देवभक्त स्वतःच्या मळ्यातला तोच द्राक्षारस पितो आणि तंबूत नागडा पडून राहतो. मी थबकले. रस पिऊन माणूस असा पडतो का?

संध्याकाळी अंगणात मी काकांना विचारलं, "काका, द्राक्षारस चढतो का?"

काकांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. किती वर्षांपासून कोणीतरी हा प्रश्न विचारावा म्हणून ते वाट बघत असावेत. "चढतो ना जी! चांगला चढतो. ते वाईनच आहे. आपल्या लोकांनी मराठीत 'रस' लिहून ठेवलं अन् ही मनुका उकळून राहिली."

"अवो," आतून मावशींचा आवाज आला, "बाईचं डोकं खराब नका करू."

"खराब काय? शास्त्रात पिणं मना नाही. झिंगणं मना आहे. अशक्त पोटाच्या एका तरुण सेवकाले तं थोडा घेत जा असं सांगितलं आहे."

"पोटासाठी! औषध म्हणून! तुमी दवाखान्यात चमच्यानं ब्रँडी देत होते, तसं."

"मग औषधात पाप नाही अन् पेल्यात पाप कसं?"

हे भांडण त्यांचं जुनं होतं, आणि दोघांनाही पाठ होतं. मला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. पिण्याला हरकत नाही असं म्हणणाऱ्या काकांनी आयुष्यात थेंबही घेतला नव्हता. लग्नाआधी मावशींनी तसं वचन घेतलं होतं. दवाखान्यात सर्दीने गारठलेल्या रोग्यांना ब्रँडी मोजून देणाऱ्या माणसाला ब्रँडीची चव माहीत नव्हती.

मी त्या शब्दाच्या मागेच लागले. शाळेतला जाड कोश काढला, तर त्यात दोन्ही अर्थ. आमच्या संस्कृतच्या गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, "आसव, अरिष्ट, सगळे रसच हो. कुठवर रस आणि कुठून दारू, ते मडक्याला विचारा." दिवाळीच्या सुट्टीत गावी गेले तेव्हा वडिलांना विचारलं. वडील म्हणाले, "त्यात काय? आपल्याकडे मोह म्हणजे झाडही मोह, फूलही मोह अन् बाटलीही मोह. तुझी आजी मोहाच्या पोळ्या करत होती. आता कोणी म्हटलं मोह खाल्ला तं तो प्याला असं होते का?"

सुट्टीहून परतल्यावर मी हे मावशींना सांगितलं. त्या मशीनवर झंपर शिवत होत्या. हातातली शिवण त्यांनी संपवली. मग पाय थांबवून म्हणाल्या, "बाई, तुले शब्दाचं पडलं आहे. मी सांगू का, माझे वडील अड्याळकडचे. रोज पीत होते. माय आम्हाले घेऊन शेजारणीकडे झोपत होती. मग कोण्या प्रचारकाच्या नादानं ते ख्रिस्ती झाले अन् त्या दिवशी घरातलं दारूचं मडकं त्यांनी अंगणात फोडलं. गावाले प्रभू माहीत नव्हता, शास्त्र माहीत नव्हतं. पण गाव म्हणे, हा माणूस ख्रिस्ती झाला, कारण आता पीत नाही. आमच्यासाठी ख्रिस्ती होणं म्हणजे तेच. शास्त्र मी नंतर वाचलं."

त्यानंतर मी कोश पुन्हा काढला नाही. पण प्रश्न काही मनातून गेला नाही.

मी राहायला आल्याच्या दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी, भादव्यात, वैनगंगेला पूर आला. चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, नदीपलीकडून कारध्याहून यायचे. पुलावरून पाणी गेलं आणि पहिल्या रविवारी ते येऊ शकले नाहीत. प्रभुभोजन आठवड्याने पुढे गेलं. मावशींनी रस करून ठेवला होता, तो बाटलीत तसाच राहिला. पावसाळी, कोंदट हवा. दुसऱ्या रविवारी सकाळी त्यांनी बाटली उचलली आणि बूच फट्कन उडून भिंतीवर आदळलं. रस फसफसून हातावर आला.

काका धावत आले. बाटलीला नाक लावलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू आलं की ते मला आजही दिसतं. "आता झाला हा खरा द्राक्षारस! प्रभूच्या मेजावर असाच होता. घेऊन चल."

"फेकून देते."

"काहून? कोण्या माणसानं नाही केला, देवानंच केला ना?"

मावशींचा चेहरा रडवेला झाला होता. "तुमाले माहीत आहे काहून. मिस्त्री येते."

मिस्त्री म्हणजे एक गवंडी. तीन वर्षांपूर्वी चर्चच्या भिंतीला गिलावा करायला शिडी घेऊन आला होता. काम चालू असताना आतली गाणी ऐकत राहिला आणि काम संपल्यावर दर रविवारी येऊन दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसू लागला. त्याआधी तो भंडाऱ्यात नामी पिणारा होता. त्याच्या बायकोने मावशींकडे येऊन कितीदा रडून घेतलं होतं. आता तीन वर्षं त्याने तोंडाला लावली नव्हती.

"एका घोटानं काय होते?" काका म्हणाले, पण आवाज खाली आला होता.

"कोणाले माहीत काय होते? तो बाहेर जाऊन पडला तं त्याचा अन् देवाचा मामला. पण आपल्या हातच्या पेल्यातून नको." असं म्हणून त्यांनी बाटली मोरीत उपडी केली.

आता अर्ध्या तासात चर्च भरणार होतं. दुकानं उघडलेली नव्हती, घरात मनुका नव्हत्या. मला आठवलं, गणपतीच्या शिऱ्यासाठी मी आदल्या दिवशी किसमिस आणून ठेवली होती. पुडी आणून मी मावशींपुढे धरली. मग एकदम संकोच वाटला. "गणपतीसाठी आणली होती, मावशी. चालेल का?"

"अजून चढवली नाही ना?"

"नाही."

"मग दुकानातलीच आहे ती. आण."

आम्ही दोघींनी ती गरम पाण्यात कुस्करली. पिवळी किसमिस, त्यामुळे रस निघाला तो साखरेच्या पाण्यासारखा फिक्कट. मी त्या दिवशी पहिल्यांदा चर्चमध्ये मागे बसून सगळं पाहिलं. पाळकसाहेबांनी पेला उचलला, आत बघितलं आणि क्षणभर थांबले. मग पेला तसाच वर धरून प्रार्थना केली. मिस्त्री पुढे जाऊन घोट घेऊन आला आणि माझ्या शेजारून जाताना मान लववून गेला.

नंतर बाहेर व्हरांड्यात मी पाळकसाहेबांना तोच प्रश्न विचारला. ते शांत, तरुण गृहस्थ होते. म्हणाले, "बाई, कंपाउंडर साहेबांचं अर्थाने बरोबर आहे. ख्रिस्ती माणसाला मर्यादेत घेणं शास्त्राने मना केलेलं नाही, असंच मी शिकलो. पण ज्या गोष्टीने भाऊ ठेचकाळेल ती मोकळीक असूनही सोडावी, असंही तिथेच लिहिलं आहे. तेव्हा मावशींचंही बरोबर आहे."

"मग मी काय समजू?"

"मलाही रोज नव्याने समजावं लागतं," ते म्हणाले. पूल अजून बंद होता, नावेची वेळ झाली म्हणून ते निघाले.

यानंतर काही वर्षांनी, ऐंशी साल उलटून गेलं असेल, मावशींच्या मुलीचं लग्न ठरलं. तिनेच ठरवलं होतं. मुलगा तिच्याच दवाखान्यात, प्रयोगशाळेत कामाला होता. कॅथलिक घराणं, नागपूरचं. बोलणी करायला मुलाचे वडील आले. मोठे बोलके, मोकळे. जेवणं झाल्यावर म्हणाले, "लग्न तुमच्या चर्चमध्ये होऊ द्या, आमची हरकत नाही. रिसेप्शन आम्ही नागपूरला करतो. तिथे नवरा-नवरीसाठी वाईनचा एकेक ग्लास उचलतात, तेवढी आमची रीत आहे. दारूचा धिंगाणा आमच्याकडे नसतो."

काका म्हणाले, "आमची काही..." आणि मावशींकडे बघून वाक्य तिथेच ठेवलं.

मावशी म्हणाल्या, "माझ्या पोरीच्या लग्नात नाही."

पाहुणे समजूतदार होते, पण त्यांनाही ते लागलं. "आमच्या चर्चमध्ये तर पूजेतच वाईन असते, ताई. मग आम्ही ख्रिस्ती नाही का?"  मावशी उठून आत गेल्या. पाहुणे गेले ते पक्कं काही न ठरवताच. बोलणीसाठी घरी आलेली मुलगी दोन दिवस आईशी बोलली नाही.

त्याच आठवड्यात मिस्त्री मागची भिंत दुरुस्त करायला आला होता. मावशी त्याला चहा देताना बोलता बोलता सगळं बोलून गेल्या, आणि शेवटी म्हणाल्या, "आपल्या मंडळीतले लोक जातील रिसेप्शनले. तूही जाशील. समोर ग्लास फिरत राहीन तं कसं होईन?"

मिस्त्रीने चहाची बशी खाली ठेवली. मी ओट्यावर वह्या तपासत होते. तो नेहमी खाली मान घालून बोलणारा माणूस, पण त्या दिवशी सरळ बघून बोलला.

"मावशी, राग नका धरू. माझ्या नावानं लग्न नका अडवू जी."

"तुझ्या नावानं नाही रे..."

"माझ्याच नावानं. मले माहीत आहे. तो रस तुमी फेकला होता ते मले माझ्या बायकोनं सांगितलं. तेव्हा मले बरंही वाटलं अन् लाजही वाटली. साऱ्या चर्चनं माझ्यापायी पाणी प्यालं! मी रोज दारूच्या भट्टीपुढून सायकलनं जातो. कोणता गिलास माझा नाही ते मले कळते. दुसऱ्याचा कोणता आहे, ते मी काहून ठरवू?"

 इतकी वर्षं या माणसावरून घरात वाद झाले, चर्चमध्ये झाले, मी पाळकसाहेबांनाही विचारून आले, पण त्याला स्वतःला कोणी काही विचारलं नव्हतं. मीही नाही.

"अन् तू पडला तं?" मावशींनी शेवटी विचारलं.

"पडलो तं उचलायले या," तो म्हणाला आणि उठून चुना कालवायला लागला.

त्या रात्री जेवताना मावशींनी काकांना सांगितलं, "नागपूरवाल्यांना चिठ्ठी टाका. त्यांचं घर, त्यांची रीत. आपल्या लोकांसाठी सरबत ठेवा म्हणावं." काकांनी घास तोंडाशीच थांबवला, आणि जेवण होताच शहाणपणाने कागद शोधायला उठले.

भंडाऱ्याला लग्न झालं आणि दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे नागपूरला गेलो. हॉलमध्ये लहान लहान ग्लासांत लालसर वाईन आली. एका टेबलावर लिंबाचं सरबत होतं, तिथे आमची भंडाऱ्याची माणसं. मिस्त्री धुतलेला पांढरा सदरा घालून सरबताचे ग्लास भरून देत होता, कोणी सांगितलं नसताना. काकांपुढे ट्रे आला. त्यांनी मावशींकडे पाहिलं.

"घ्या ना," मावशी म्हणाल्या. "एवढी वर्षं भांडून राहिले त्याच्यासाठी."

काकांनी ग्लास उचलला, आधी औषधासारखा उजेडात धरून बघितला, मग एक घोट घेतला. मावशी वाकून त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. मला वाटलं होतं, त्या तोंड फिरवतील. पण त्यांनाही जाणून घ्यायचं होतं.

"कसं आहे?"

काका जरा विचारात पडले. "आंबट आहे. अन् कडू. चिरायत्याचा काढा पातळ केला तं असा लागेन."

"चढून राहिलं का?"

"एका घोटात काय चढते!" त्यांनी अजून थोडं घेतलं आणि अर्धा ग्लास तसाच ट्रेमध्ये ठेवला. नंतरही कधी त्यांनी मागितली नाही. वाद मात्र सोडला नाही. मना नाही म्हणजे नाही, असं ते शेवटपर्यंत म्हणत.

माझ्याही पुढे ट्रे आला होता. मी सरबत घेतलं. का, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

मिस्त्री मात्र पडला. रिसेप्शनला नाही. त्यानंतर वर्ष-दीड वर्षाने, उन्हाळ्यात. लागोपाठ दोन रविवार शेवटचा बाक रिकामा दिसला आणि त्याची बायको येऊन मावशींना सांगून गेली. मावशींनी मला सोबत घेतलं. वाटेत मी मनाशी बरंच काही जुळवत होते. नागपूरच्या ट्रेमधला वास त्याच्या मनात राहिला असेल का? मावशी बरोबर होत्या का?

तो अंगणात खाटेवर बसला होता, दाढी वाढलेली. आम्हाला बघून उठला आणि मान खाली घालून उभा राहिला. मी न राहवून विचारलंच, "काय झालं मिस्त्री? काही घडलं का?"

"काहीच नाही घडलं, बाई," तो म्हणाला. "हेच तं आहे. एका बांधकामाचा स्लॅब टाकून झाला, मालकानं साऱ्यांना पाजली. त्यांच्यासंगं बसलो. दुःख नव्हतं, राग नव्हता. आता मावशी म्हणतील, मी सांगितलं होतं."

मावशी तसं काही म्हणाल्या नाहीत. उपदेशही केला नाही. त्यांनी खाटेवर जागा करून घेतली, पदराने वारा घेतला आणि त्याच्या बायकोला पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाल्या, "आमच्या न्हाणीची फरशी उखडली आहे. उद्या सकाळी येशील का?"

"उद्या?"

"उद्याच. पावसाच्या आधी झाली पाहिजे."

मिस्त्रीने वाढलेल्या दाढीवरून हात फिरवला. त्याची बायको दारात उभी होती, तिने पदर तोंडावर घेतला. तो म्हणाला, "येतो जी. रेती आहे का घरी?"

"नाही."

"मग येताना घेऊन येतो."

आम्ही परत निघालो. ऊन अजून उतरलं नव्हतं. मावशी मध्येच थांबून म्हणाल्या, "बाई, फरशी तं अजून बरी आहे आमची. घरी गेल्यावर कुदळ सापडते का पाहा. एक-दोन दगड उखडून ठेवावे लागतील."